घरी कुणी नसताना पिल्लू केकाटतं? एकटं राहायची सवय अशी लावा

शेतवस्तीवर नवं पिल्लू आलं की पहिले दोन दिवस सगळं घर त्याच्याभोवती असतं. पोरं मांडीवरून खाली ठेवत नाहीत, आजी दूध-भाकरी कुस्करून देते. तिसऱ्या दिवशी कांदा लागवडीची घाई सुरू होते, मोठी माणसं वावरात जातात, पोरं शाळेत, आणि पिल्लाच्या गळ्यात सुतळी अडकवून ते ओसरीच्या खांबाला बांधलं जातं. मग त्याचं केकाटणं चार वावरं पलीकडच्या वस्तीवर ऐकू जातं. संध्याकाळी शेजारी तक्रार घेऊन येतो आणि घरातलं कुणीतरी ठरलेलं उत्तर देतं : ‘दोन दिवस रडंल, मग आपसूक गप बसंल.’

गप्प बसतं हे खरं. पण ते बहुतेक वेळा दमून गप्प बसतं, सवय होऊन नाही. या दोन्हींतला फरक पुढे कळतो. वर्षभराने तेच कुत्रं माणूस नजरेआड झाला की दार ओरबाडतं, साखळीला हिसके देतं, दिवसभर एका सुरात भुंकतं, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर जातं. त्याला ‘खोडकर’ किंवा ‘येडं’ ठरवून शेवटी कुणीतरी दूरच्या फाट्यावर सोडून येतं. गावोगावच्या मोकाट कुत्र्यांत अशा सोडून दिलेल्यांची भर पडत असते. एकटं राहणं पिल्लाला उपजत येत नाही. बैलाला जू शिकवावं लागतं तसंच हे शिकवावं लागतं, आणि लहानपणी शिकवलं तर दोन-तीन आठवड्यांत बरंच जमतं.

एकटेपणा झेपत का नाही

कुत्र्याचं पिल्लू जन्मतः आंधळं आणि बहिरं असतं. डोळे साधारण दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. पहिले काही आठवडे त्याला अंगाची ऊबही स्वतःची स्वतः नीट राखता येत नाही. आई आणि भावंडांच्या ढिगात झोपूनच ती मिळते. म्हणजे एकटं पडणं हा त्याच्या दृष्टीने जिवावरचा प्रसंग असतो, आणि केकाटणं ही आईला मारलेली हाक असते. हट्ट वगैरे काही नाही.

आईपासून पिल्लू आठ आठवड्यांच्या आधी तोडू नये. कुत्र्यांच्या पैदाशीबाबत आणि विक्रीबाबत केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या नियमांतही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. गावात मात्र पिल्लू विकत घ्यावं लागत नाही, कुणाच्या तरी गंजीखालून उचलून आणायचं असतं, त्यामुळे डोळे उघडले की ‘हे काळं आमचं’ म्हणून ठरवलं जातं आणि महिन्याचं होता होता ते पिशवीतून घरी येतं. दोन महिन्यांपर्यंत भावंडांशी खेळताना पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा, समोरचा ओरडला की कसं थांबायचं हे शिकतं. ते दिवस बुडाले तर नुकसान मालकाचंच. पिल्लू गावातलंच असेल तर ठरवून ठेवावं, अधूनमधून जाऊन भेटावं, आणि आठ आठवडे भरल्यावर आणावं.

धनगराच्या कळपातलं पिल्लू असं रडताना फारसं दिसत नाही. त्याचं कारण जातीत शोधायची गरज नाही. ते मेंढरांत, माणसांत आणि मोठ्या कुत्र्यांतच वाढतं, पूर्ण एकटं क्वचितच पडतं. पूर्वी वाड्यातही असंच होतं, कुणी ना कुणी घरी असायचंच. आता चौकोनी कुटुंब, नवरा-बायको दोघंही कामावर, पोरं शाळा-क्लासला. त्यात लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन अशी पिल्लंही तालुक्याच्या गावांत आणि वस्त्यांवर आली आहेत. कुत्रं गावठी असो की महागडं, रिकाम्या घरात बसायचं शिक्षण दोघांनाही तितकंच लागतं.

मे महिन्यात आणलेलं पिल्लू

पोरांच्या हट्टापायी पुष्कळ घरांत पिल्लू मे महिन्याच्या सुट्टीत येतं. दिवसभर पोरं घरी, पिल्लाला एक मिनिट एकटं राहावं लागत नाही. सगळ्यांना वाटतं, किती गुणी पिल्लू आहे. मग जूनच्या मध्यावर शाळा उघडते, त्याच सुमाराला पेरण्यांची धांदल, आणि एका सोमवारी घर अचानक रिकामं होतं. वरून पहिल्या पावसाचा कडकडाट. पिल्लाच्या दृष्टीने तर एका दिवसात सगळं गोकुळ गेलं.

सुट्टीत पिल्लू आणायला हरकत काहीच नाही, उलट शिकवायला वेळ मिळतो. फक्त सुट्टीतही रोज दोन-तीन वेळा ते थोडा वेळ एकटं राहील असं मुद्दाम करायला हवं. पोरांना हे समजावणं पिल्लाला समजावण्यापेक्षा अवघड, पण एकाला घड्याळ लावायचं काम दिलं की तोच बाकीच्यांना आवरतो.

पहिल्या चार रात्री

आल्या दिवसापासून पिल्लाला गोठ्यात किंवा पडवीत एकटं झोपवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पहिल्या रात्री त्याची आई गेली, भावंडं गेली, वास बदलला, जमीन बदलली. निदान आठवडाभर त्याला माणसांच्या खोलीतच, अंथरुणाजवळ एखाद्या खोक्यात नाहीतर टोपलीत ठेवावं. कुईकुई केली तर हात खाली सोडून स्पर्श करावा, उचलून खेळवत बसू नये. रात्रीतून एक-दोनदा लघवीला बाहेर न्यावं लागतंच. न बोलता न्यायचं, न बोलता परत आणून ठेवायचं. नंतर खोकं रोज हातभर दाराकडे सरकवत न्यावं.

आणताना आईखालचं गोणपाट किंवा फडकं सोबत आणलं तर फार उपयोगी पडतं. त्या वासावर पिल्लू लवकर निवांत होतं. थंडीचे दिवस असतील तर कोमट पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. पाणी कढत नको, आणि झाकण घट्ट बसलंय ना ते बघावं.

बांधायचं कुठे? शक्यतो बांधूच नका

एकटं ठेवायचं म्हणजे साखळीला बांधायचं, असं समीकरण आपल्याकडे पक्कं आहे. पिल्लाच्या बाबतीत ते मोडलेलं बरं. बांधलेलं पिल्लू घाबरलं की पुढे झेपावतं, गळ्याला हिसका बसतो, त्याने ते आणखी घाबरतं. साखळी खाटेच्या पायाला, नांगराच्या फाळाला गुंडाळली जाते. ओट्यावर बांधलेलं पिल्लू ओट्यावरून उडी मारतं आणि लोंबकळतं. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातील एवढी जागा असावी, आणि पिल्लू दर आठवड्याला वाढतं हे लक्षात ठेवून पट्टा पुन्हा पुन्हा तपासावा. लहानपणी घातलेला पट्टा तसाच राहून मानेत रुतलेली कुत्री दवाखान्यात येतात, ते बघवत नाही.

कायद्याचंही बघायला हवं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातल्या कलम ११ नुसार जनावर अवाजवी आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं, आणि कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरू न देणं हा गुन्हा आहे.

साखळीऐवजी एक कोपरा आखून द्यावा. ओसरीच्या दोन भिंती आयत्याच असतात, उरलेल्या दोन बाजूंना फळ्या किंवा वेल्डमेशची जाळी उभी केली की काम भागतं. पिल्लाला चार पावलं चालता यावं, एका टोकाला झोपायला गोणपाट आणि दुसऱ्या टोकाला लघवीसाठी माती किंवा जुनी वर्तमानपत्रं. पाणी जड भांड्यात, नाहीतर पाच मिनिटांत ते उलथतं आणि पिल्लू दिवसभर तहानलेलं राहतं. कोंबड्यांच्या डालग्याखाली पिल्लू झाकून जाणं चालणार नाही. हालायला जागा नाही, आणि उन्हात आत भट्टी होते. पत्र्याच्या शेडचंही तेच. सकाळी आठला जिथे सावली असते तिथे दुपारी बाराला ऊन असतं. माणूस सकाळी निघून जातो, त्याने बघितलेली सावली सकाळची असते. म्हणून जागा ठरवण्याआधी एकदा भर दुपारी तिथे उभं राहून बघावं.

त्या कोपऱ्याच्या आसपास काय पडलंय तेही बघावं. दाणेदार कीटकनाशकं, उंदराचं औषध, फवारणीच्या रिकाम्या बाटल्या, जनावरांच्या इंजेक्शनच्या सुया. दात येणारं पिल्लू साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत दिसेल ते चावतं. कांदा, लसूण, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी ठरू शकतात. कांद्याची चाळ शेजारी असेल तर पिल्लाचा कोपरा तिथून लांब करावा.

सवय लावायची रीत

सुरुवात घरात माणसं असतानाच करायची. पिल्लाला खाऊ घालावं, लघवीला नेऊन आणावं, थोडं खेळवून दमवावं. पोट भरलेलं, अंग दमलेलं, डोळे पेंगुळलेले अशा वेळी त्याला कोपऱ्यात ठेवावं आणि चघळायला काहीतरी द्यावं. बाजारातलं महागडं खेळणं लागत नाही. कडक झालेल्या भाकरीच्या तुकड्याला दही फासून दिलं, किंवा कच्च्या गाजराचा मोठा तुकडा दिला तरी दहा मिनिटं जातात. जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यात चपातीचे तुकडे दडवून दिले तर शोधण्यात आणखी थोडा वेळ जातो. शिजवलेली हाडं मात्र नकोत, त्यांचे अणकुचीदार तुकडे होऊन घशात-आतड्यात रुततात.

पिल्लू चघळण्यात रमलं की उठून आतल्या खोलीत जायचं आणि लगेच परत यायचं. दहा सेकंद पुरेत. रडायच्या आधी परत येणं ही यातली मेख आहे. रडल्यावर आलं की पिल्लू एवढंच शिकतं की रडलं की माणूस येतो, आणि रडूनही कुणी आलंच नाही तर शिकतं की एकटं पडणं खरंच भयंकर आहे. रडू फुटण्याआधी परत आलं तर ते वेगळंच शिकतं, की माणूस जातो आणि येतोही.

दहा सेकंद जमले की अर्धा मिनिट, मग दोन मिनिटं, मग पाच. रोज चार-पाच वेळा. दरवेळी वेळ वाढवत न्यायची असं मात्र नाही. पाच मिनिटांनंतर पुन्हा एक मिनिट, मग आठ, मग तीन. सारखी चढण असली की पिल्लाला दरवेळी आधीपेक्षा अवघड जातं. घरातल्या घरात पंधरा मिनिटं जमली की मग अंगणाबाहेर, मग विहिरीपर्यंत, मग दुकानापर्यंत. पहिला अर्धा तास सगळ्यात कठीण असतो. तो पार पडला की पुढचे दीड-दोन तास तुलनेने लवकर येतात, कारण या वयाचं पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतच असतं.

जाण्याच्या खुणा पिल्लू फार लवकर ओळखतं. मोटरसायकलची चावी उचलल्याचा आवाज, डबा भरणं, डोक्याला रुमाल बांधणं. जायच्या आधीच त्याची घालमेल सुरू होते. त्यावर उपाय म्हणजे त्या खुणा पोकळ करून टाकायच्या. चावी उचलायची आणि खाटेवर बसून चहा प्यायचा. गाडीला किक मारायची, बंद करायची, परत घरात यायचं. रुमाल बांधून गोठ्यात झाडलोट करायची. शेजाऱ्यांना गंमत वाटेल, पण आठवड्याभरात चावी वाजली तरी पिल्लू मान वर करत नाही.

निघताना लाडीगोडी, ‘सोन्या, आत्ता येते हं’ वगैरे नको. आल्यावरही लगेच उचलून कवटाळायचं नाही. आधी चप्पल काढा, पाणी प्या, पिल्लाच्या उड्या थांबल्या की मग जवळ घ्या. हे ऐकायला कोरडं वाटतं, घरातल्या आजीला तर मुळीच पटत नाही. पण जाण्या-येण्याचा सोहळा जितका मोठा, तितकी मधली पोकळी पिल्लाला मोठी.

सोबतीला दुसरं पिल्लू आणावं का, असं पुष्कळ जण विचारतात. घरात आधीपासून शांत स्वभावाचं मोठं कुत्रं असेल तर त्याच्या बघण्याने फरक पडतो. पण माणसाच्या विरहाने घाबरणाऱ्या पिल्लाला दुसरं पिल्लू हे औषध नव्हे. दोन्ही मिळून रडायला लागली तर काम दुप्पट.

किती वेळ एकटं ठेवता येतं

ढोबळ हिशेब असा : पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तेवढे तास ते जास्तीत जास्त लघवी धरू शकतं. दोन महिन्यांचं तीन तास, तीन महिन्यांचं चार तास. ही शेवटची मर्यादा आहे, रोज तेवढं ठेवायचं असं नाही. शिवाय या वयात दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खाणं लागतं. म्हणजे सकाळी सातला वावरात जाऊन संध्याकाळी सहाला परतणाऱ्या घराने लहान पिल्लू एकटं ठेवायचं म्हटलं तर ते जमणारं नाही, शिकवण कितीही चांगली असली तरी. दुपारी जेवायला घरी येणाऱ्याने अर्धा तास त्याला द्यावा, शेजारच्या वस्तीवरच्या आजींना एक फेरी मारायला सांगावं, नाहीतर पिल्लू सोबत न्यावं. हे तीनही होत नसेल तर सरळ चार-सहा महिने थांबून मोठं झालेलं कुत्रं आणावं. त्यात कमीपणा काही नाही.

सोबत नेताना एक पथ्य आहे. पार्वो हा आजार बाधित कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो आणि त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होणारी लसीची मालिका दर तीन-चार आठवड्यांनी साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालते. ती पूर्ण होईपर्यंत मोकाट कुत्री फिरतात अशा बांधावर, एसटी स्टँडवर, आठवडी बाजारात पिल्लू खाली सोडू नये. कडेवर किंवा टोपलीत न्यावं. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, आणि पुढचे डोस डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला.

कुरतडलेली चप्पल आणि मार

घरी परतल्यावर चप्पल कुरतडलेली, ड्रिपची नळी चावलेली, कोपऱ्यात शी. हात उगारला जातो. पिल्लू कान पाडून, नजर चुकवून बसतं आणि माणूस म्हणतो, ‘बघा, त्याला कळतंय काय केलं ते.’ अमेरिकेतल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हेच तपासून पाहिलं. कुत्र्याने चूक केली असो वा नसो, मालक रागावला की तो ‘अपराधी’ चेहरा दिसायचाच. तो कबुलीजबाब नसतो, समोरच्या रागाला दिलेलं उत्तर असतं. तासाभरापूर्वीच्या कुरतडण्याशी आत्ताचा मार पिल्लू जोडू शकत नाही. ते एवढंच शिकतं की माणूस घरी येणं धोक्याचं आहे. मग एकटेपणाची भीती होतीच, वर परत येण्याचीही.

थोडी कुरकुर आणि खरी भीती यांत फरक करता यायला हवा. दोन-चार मिनिटं कुईकुई करून पिल्लू झोपलं तर चिंता नको. पण तोंडातून लाळ गळणं, सतत धापा टाकणं, दार ओरबाडून नखांतून रक्त येणं, मोठं झाल्यावरही एकटं पडलं की लगेच शी-लघवी होणं, ही घाबरल्याची लक्षणं. सगळ्यात सोपी खूण म्हणजे ठेवलेला खाऊ. आवडीचा तुकडा परत येईपर्यंत तसाच पडला असेल तर पिल्लू घाबरलेलंच होतं, कारण घाबरलेलं पिल्लू खात नाही. एखादा जुना मोबाइल खिडकीत ठेवून चित्रीकरण केलं तर आपल्यामागे काय चालतं ते कळतं. घाबरत असेल तर वेळ निम्म्याने कमी करून तिथून पुन्हा सुरुवात. दिवाळीच्या फटाक्यांत आणि विजा चमकतात अशा रात्री एकटं ठेवायचा सराव करूच नये.

बिबट्याच्या पट्ट्यात

अकोले, संगमनेर, राहुरी, पलीकडे जुन्नर, आंबेगाव, शिरूर, निफाड. उसाच्या या पट्ट्यात ‘राखणीला’ म्हणून पिल्लू रात्री अंगणात बांधणं म्हणजे बिबट्यापुढे ताट वाढून ठेवणं. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून केलेल्या अभ्यासात त्याच्या भक्ष्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच होता. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, कुत्रं बाहेर असतं, हे त्यामागचं उघड कारण. बांधलेल्या पिल्लाला तर पळताही येत नाही. आणि कुत्र्याच्या ओढीने बिबट्या दारापर्यंत येतो, तिथेच ओसरीवर माणसं झोपलेली असतात.

म्हणून रात्रीचं एकटं राहणं हे बंद दाराआडच हवं. घरात, नाहीतर पक्क्या भिंती, वरून छत आणि कडी असलेल्या खोलीत. नुसत्या कुडाचा किंवा शेडनेटचा आडोसा पुरत नाही. राखण करायला कुत्रं वर्ष-दीड वर्षाचं तरी व्हावं लागतं, आणि तेही मोकळं असेल तर इशारा देऊन स्वतः आडोशाला येऊ शकतं. बिबट्याचा वावर दिसला तर वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे.

आधी दुखणं तपासा

पिल्लू रात्रभर रडतं, कशानेच थांबत नाही, तेव्हा सवय लावण्याआधी पोट बघावं. जंतांनी फुगलेलं पोट, पिसवा, कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड, किंवा निव्वळ भूक, यातलं काहीही असू शकतं. जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून सुरू करून तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरवड्याला वजनानुसार द्यायचं असतं. गप्प बसावं म्हणून माणसांच्या गोळ्या कधीही देऊ नयेत.

याच्या उलटही घडतं. रडणारं पिल्लू एके दिवशी एकदम शांत होतं आणि घरच्यांना वाटतं, लागली एकदाची सवय. ते खात नसेल, ओकत असेल, पातळ किंवा रक्तमिश्रित शी करत असेल तर तो पार्वो असू शकतो, आणि त्यात एक रात्र थांबणंही महागात पडतं. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन करताना पिल्लाचं वय, शेवटची लस कधी दिली आणि शेवटचं कधी खाल्लं, एवढं हाताशी ठेवावं.